निवलेली शेवई : तंजावरच्या स्वयंपाकघरातून थाई कोशिंबिरीकडे

मोठ्या शहरांतील उपाहारगृहांच्या पदार्थपत्रिकेत थंड थाई नूडल सॅलडला आता मानाचे स्थान मिळाले आहे. तांदळाच्या बारीक शेवया, काकडी, मोड आलेले मूग, कांदा, कोथिंबीर, भाजलेले शेंगदाणे आणि त्यांवर लिंबू, मिरची व गूळ यांचा आंबट-तिखट-गोड रस, असे त्याचे स्थूल स्वरूप असते. हा पदार्थ एकदा चाखल्यावर तो घरी करून पाहण्याची इच्छा अनेक गृहिणींना, आणि आता पुष्कळशा गृहस्थांनाही, होते. बाटलीबंद सॉस आणला जातो, परदेशी नावाच्या शेवयांचे पाकीट आणले जाते, आणि ताटात मात्र बहुधा चिकट गोळा येतो. दोष सॉसला दिला जातो. वास्तविक दोष शेवईच्या शिजण्यात आणि निवण्यात असतो.

तांदळाची शेवई शिजवून, निववून खाण्याची विद्या ज्या गावाने पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली, ते गाव मराठी वाचकाला परके नाही. कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील तंजावर हे बृहदीश्वर मंदिर, सरस्वती महाल ग्रंथालय आणि भोसल्यांचे राज्य यांमुळे आपल्या परिचयाचे आहे. त्या गावच्या आणि परिसरातील घरांत तांदळाच्या शेवईला 'सेवै' म्हणतात. ती लिंबाची करतात, ओल्या खोबऱ्याची करतात, चिंचेची करतात, तिळाची करतात आणि उन्हाळ्यात दह्याची करतात. यांपैकी बहुतेक प्रकार गरम वाफाळते खाण्याचे नाहीत. ते निवल्यावरच चांगले लागतात. थंड थाई कोशिंबीर घरी साधायची असेल तर बँकॉकचा रस्ता तंजावरवरून जातो, असे म्हणण्यास हरकत नाही.

राजवाड्याचा मुदपाकखाना

व्यंकोजीराजांनी १६७५-७६ च्या सुमारास तंजावर घेतले आणि १८५५ मध्ये दुसरे शिवाजीराजे पुत्र नसता निवर्तले, तेव्हा ते राज्य संपले. ह्या सुमारे १८० वर्षांत मराठी मंडळींनी तेथे जे अनेक उद्योग केले, त्यांत पाकशास्त्राचा उद्योग लहान नव्हता. व्यंकोजींच्या पत्नी दीपाबाई यांच्या आश्रयाने रघुनाथ गणेश नवहस्त ह्या पंडिताने 'भोजनकुतूहल' हा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. रघुनाथपंडित हे समर्थ रामदासांचे समकालीन. धान्ये, भाज्या, दूध-दही, त्यांचे गुणदोष आणि पदार्थांच्या कृती यांचा त्यात विचार आहे. पुढे दुसरे सरफोजीराजे (१७९८ ते १८३२) यांच्या काळात 'शरभेंद्र पाकशास्त्र' हा मराठी पाकग्रंथ तयार झाला. 'शरभेंद्र' हे सरफोजींच्या नावाचे संस्कृत रूप होय. सरफोजींच्या शिक्षणावर श्वार्ट्झ ह्या जर्मन धर्मोपदेशकाची छाप होती. त्यांच्या दरबारी युरोपीय पाहुण्यांची ये-जा असे, आणि त्यांच्या मुदपाकखान्यात मराठी व तमिळ पदार्थांच्या जोडीला इंग्रजी पद्धतीचे पदार्थही शिजत.

त्या मुदपाकखान्याची एक गोष्ट आजच्या विषयाला धरून आहे. परका पदार्थ तेथे वर्ज्य नव्हता. परंतु तो आपल्या हाताशी असलेल्या धान्याने, आपल्या भांड्यात आणि आपल्या हवेला मानवेल अशा रीतीने केला जाई. उलट दिशेनेही देवघेव झाली. तमिळ घरांतील 'पोळी' म्हणजे आपली पुरणपोळी. उडदाच्या पिठाची 'डांगर पच्चडी' आपल्या डांगराचे नाव जसेच्या तसे मिरवते, आणि कारल्याची वा वांग्याची 'पिट्लै' पिठल्याशी नाते सांगते. सांबार हा शब्द संभाजीराजांच्या नावावरून आला ही कथा मात्र कथा म्हणूनच ऐकावी. ती सांगणारे पुष्कळ आहेत, पुरावा दाखविणारे नाहीत.

राज्य गेले, दप्तरे ग्रंथालयात गेली. तमिळनाडूत 'रायर' म्हणून ओळखली जाणारी मराठी कुटुंबे घरात मराठी बोलत राहिली. परंतु मुले तमिळ शाळेत शिकली आणि लिहिण्यावाचण्याची लिपी तमिळ झाली. मोडीची, बाळबोधीची सवय सुटली. जे शब्द उरले, त्यांतील बरेचसे चुलीजवळचे आहेत. म्हणून तंजावरच्या घरातील एखादी कृती केवळ चवीपुरती नसते. ती हाताने करण्याची थांबली की तिच्यासोबतचे शब्दही थांबतात. सेवैच्या बाबतीत हे प्रत्यक्ष घडताना दिसते. जड पितळी साचा, गरम गोळा आणि तो दाबण्यासाठी लागणारे दंडातले बळ, ह्या तिन्ही गोष्टी आजच्या लहान कुटुंबात एकत्र येणे कठीण झाले आहे. वाळवलेल्या शेवईचे पाकीट तीन मिनिटांत तयार होते आणि साचा माळ्यावर जातो.

इडियप्पम वेगळे, सेवै वेगळी

तमिळनाडूत बदलीवर गेलेल्या महाराष्ट्रीय कुटुंबांचा येथे हमखास घोटाळा होतो. उपाहारगृहात मिळणाऱ्या पांढऱ्या जाळीदार चकतीलाही ते शेवईच समजतात. ते इडियप्पम. त्यात तांदळाचे पीठ उकळत्या पाण्याने भिजवतात, कच्चेपणी साच्यातून पाडतात आणि मग वाफवतात. सेवैचा क्रम उलटा आहे. तांदूळ भिजवून, वाटून, आधी चुलीवर घोटतात. त्याचे गोळे वाफवतात किंवा उकळत्या पाण्यात शिजवतात. आणि पूर्ण शिजलेला गोळा गरम असतानाच साच्यातून दाबतात. म्हणजे इडियप्पममध्ये तंतू आधी होतो, शिजणे नंतर. सेवैत शिजणे आधी, तंतू नंतर.

कोकणच्या वाचकांना ही दुसरी रीत ओळखीची वाटेल. मालवणकडचे शिरवळे असेच होतात. तांदळाच्या पिठाचे गोळे उकळत्या पाण्यात शिजवून लाकडी साच्यातून दाबायचे आणि गूळ-वेलदोडा घातलेल्या नारळाच्या रसात बुडवून खायचे. कर्नाटकात हीच 'ओत्तु शाविगे'. देशावर मात्र शेवई म्हटली की गव्हाची, उन्हात वाळवलेली, खिरीसाठी राखून ठेवलेली. तिचा येथे उपयोग नाही. गव्हाची शेवई निवल्यावर अंगचे पाणी धरून बसते आणि आंबट रसात लवकर लिबलिबीत होते.

थायलंडमध्ये तांदळाच्या ताज्या शेवयांचा 'खनोम चिन' नावाचा प्रकार आहे. नावात 'चिन' असला तरी तो चीनचा नव्हे. त्या नावाचे मूळ मोन भाषेत मानले जाते. तेथे जुन्या पद्धतीत तांदूळ काही दिवस आंबवतात, वाटतात, पाणी निथळवतात, तयार झालेला गोळा अर्धवट शिजवून कुटतात आणि मग साच्यातून उकळत्या पाण्यात शेवया सोडतात. लगेच थंड पाण्यात धुऊन त्यांच्या लहान लहान लडी रचून ठेवतात. ह्या लडी गरम करून खात नाहीत. निवलेल्या लडीवर रस्सा घालतात. आधी गोळ्याला आच, मग साचा, मग निववणे, हा क्रम तंजावरच्या क्रमाशी कितीतरी जुळतो.

दक्षिण थायलंडमधील ताकुआ पा येथे नवव्या शतकातील तमिळ शिलालेख सापडला आहे आणि त्यात 'मणिग्रामम्' ह्या व्यापारी श्रेणीचा उल्लेख आहे. तंजावरचे मंदिर उभारणाऱ्या राजराज चोळाचा पुत्र राजेंद्र याने १०२५ च्या सुमारास समुद्रापार श्रीविजयावर स्वारी केली, हेही इतिहासप्रसिद्ध आहे. परंतु एवढ्यावरून शेवई जहाजातून गेली की आली असा निष्कर्ष काढण्याचा मोह आवरलेला बरा. तांदूळ पिकवणारा, बारा महिने घाम गाळणारा मुलुख दोन्हीकडे आहे. एकाच अडचणीवर दोन ठिकाणी एकच तोड निघणे यात नवल नाही.

निवणे म्हणजे काय

मराठीत 'निवणे' आणि 'गार करणे' हे दोन वेगळे शब्द आहेत, आणि ह्या पदार्थात त्या भेदाला फार महत्त्व आहे. चुलीवरून उतरलेला पदार्थ घरच्या हवेच्या मानाला येतो, तेव्हा तो निवतो. शीतकपाटात ठेवला की तो गार होतो. शेवई निववावी, गार करू नये.

ह्यामागील कारण तांदळाच्या पिष्टात आहे. पिष्टाचे कण पाण्यासह तापले की साधारण ६५ ते ७५ अंश सेल्सियसच्या दरम्यान पाणी पिऊन फुगतात व त्यांची घट्ट रचना सैल होते. पीठ शिजले असे आपण म्हणतो ते हेच. निवू लागल्यावर पिष्टाचे रेणू पुन्हा एकमेकांजवळ येऊन बांधले जातात आणि शेवईला आकार, तुकतुकी व किंचित ताठपणा येतो. ही बांधणी काही प्रमाणात हवी असते. तीमुळेच शेवई रसात विरघळत नाही. ती प्रमाणाबाहेर गेली की शेवई कोरडी, ठिसूळ व पिठूळ लागते. शीतकपाटातील ४ अंशांच्या आसपास ही क्रिया सर्वांत वेगाने होते. रात्री ठेवलेला भात सकाळी दाताखाली टणक का लागतो, याचे उत्तर त्यातच आहे.

पिष्टात अमायलोज नावाचा घटक असतो. तो अधिक असलेला तांदूळ शिजून मोकळा होतो व निवल्यावर घट्ट राहतो. तो कमी असलेला तांदूळ चिकट होतो. म्हणून आंबेमोहोरासारखा मऊ, चिकट होणारा तांदूळ खिरीला उत्तम पण शेवईला निरुपयोगी. तंजावरकडे सेवैसाठी उकडा तांदूळ घेतात. भात पाण्यात भिजवून, सालीसकट वाफवून, वाळवून मग कांडल्यामुळे त्यातील पिष्ट एकदा शिजून बसलेले असते; वाटल्यावर पीठ कमी चिकटते. तंजावर जिल्ह्याला भाताचे कोठार म्हणतात ते उगाच नव्हे. आडुतुरै येथे १९२२ पासून भात संशोधन केंद्र आहे, आणि तंजावर शहरातील आजची राष्ट्रीय अन्न तंत्रज्ञान संस्था मुळात भातप्रक्रिया संशोधनाच्या कामातूनच वाढली आहे. घरातील आजीला अमायलोज हा शब्द ठाऊक नसतो. कोणता तांदूळ सेवैला आणि कोणता पायसमला, हे मात्र तिचे चुकत नाही.

मूळ शेवईची कृती

चार माणसांसाठी दोन वाट्या उकडा तांदूळ घ्यावा. कोकणात तो सहज मिळतो. पुण्या-मुंबईत इडलीचा तांदूळ म्हणून विकला जाणारा चालतो. तीन-चार वेळा धुऊन चार ते पाच तास भिजवावा. मग थोडे थोडे पाणी घालून अगदी गंधासारखा मऊ वाटावा. येथे घाई करणाऱ्याचा साचा पुढे तुंबतो. एक रवाळ कण छिद्रात अडकला की त्या छिद्राचा तंतू तुटत राहतो. वाटण्यास व नंतर सैल करण्यास मिळून सुमारे तीन वाट्या पाणी लागते. पीठ ताकाइतके पातळ असावे.

जाड बुडाच्या कढईत दोन चमचे तिळाचे तेल तापवून त्यात पीठ व चवीपुरते मीठ घालावे आणि मंद आचेवर सतत घोटावे. प्रथम ते दाटते, मग गुठळ्या धरल्यासारखे दिसते आणि शेवटी कडा सोडून एक गोळा होतो. ओल्या बोटाने दाबून पाहावे. बोटाला चिकटले नाही म्हणजे उतरवावे. हाताला सोसेल इतपत गरम असताना मुठीएवढे लांबट गोळे वळावेत आणि इडलीपात्रात १२ ते १५ मिनिटे वाफवावेत. गोळ्यावर तकतकी आली आणि सुरी घातली असता आतून पांढरे कोरडे पीठ दिसले नाही, म्हणजे गोळा शिजला. कच्च्या गोळ्याची शेवई निवल्यावर भुरभुरते, आणि त्यावर पुढे काहीही उपाय चालत नाही.

आता साचा. तंजावरकडील 'सेवै नाळी' पितळेची, तिपाईसारखे पाय असलेली व वरून दांडा फिरवून दाबण्याची असते. आपल्याकडील चकलीचा सोऱ्या बारीक शेवेच्या जाळीसह वापरता येतो, मात्र तो पितळी आणि फिरकीचा असावा. हाताने दाबायच्या सोऱ्याला ह्या गोळ्याचा जोर सोसत नाही. आतून तेलाचा हात लावावा. एक एक गोळा वाफेतून काढून लगेच दाबावा, उरलेले वाफेतच झाकून ठेवावेत. गोळा कोमट झाला की पिष्ट बांधू लागते आणि मग दोन माणसे लागली तरी साचा हलत नाही. घरात तरणा मुलगा असेल तर त्याला स्वयंपाकघरात बोलावण्याची हीच वेळ.

पडलेली शेवई पसरट ताटात किंवा केळीच्या पानावर पातळ पसरावी, पंख्याखाली ठेवावी, पाचेक मिनिटांनी चमचाभर तिळाचे तेल बोटांनी हलके चोळून तंतू सुटे करावेत. ढीग करून झाकून ठेवू नये. आतल्या वाफेने तळचा थर लगदा होतो. पंधरा-वीस मिनिटांत ती निवते.

ज्यांच्याकडे साचा नाही त्यांनी तांदळाच्या वाळवलेल्या शेवईचे पाकीट घ्यावे. पाणी खळखळून उकळावे, आच बंद करावी, शेवई त्यात बुडवून तीन ते पाच मिनिटे झाकावी, एक तंतू तोडून पाहावा, चाळणीत ओतून लगेच थंड पाण्याखाली धरावी आणि पूर्ण निथळवावी. पाण्यातच राहिलेली शेवई फुगत राहते. निथळण्यास दहा मिनिटे देण्याचा कंटाळा करू नये, कारण शेवईत राहिलेले पाणी पुढे रस पातळ करते.

ह्या निवलेल्या शेवईवर मोहरी, उडदाची डाळ, हरभऱ्याची डाळ, सुकी मिरची, कढीलिंब व हिंग यांची तिळाच्या तेलातील फोडणी आणि लिंबाचा रस घातला की तंजावरची लिंबू सेवै झाली. लिंबू फोडणीवर पिळू नये. फोडणी शेवईवर घालून, ती कोमट झाल्यावर पिळावे, नाहीतर सुगंध उडतो आणि कडवटपणा राहतो. दह्याच्या सेवैसाठी ताजे, गोड दही थोड्या दुधात सैल करून घालतात, वर आले, हिरवी मिरची, काकडी आणि डाळिंबाचे दाणे. मे महिन्यातील 'अग्निनक्षत्र' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कडक उन्हाच्या दिवसांत दुपारच्या पानावर ही सेवै वाढली जाते, तेव्हा तिची खरी किंमत कळते.

'यम' : थाई पद्धतीची कोशिंबीर

थाई भाषेत आंबट-तिखट रस घालून कालवलेल्या कोशिंबिरीला 'यम' म्हणतात. नाव ऐकून दचकण्याचे कारण नाही. त्या शब्दाचा अर्थ कालवणे, मिसळणे असा आहे. त्यातील मुगाच्या पिष्टाच्या पारदर्शक शेवयांचा प्रकार 'यम वुन सेन' ह्या नावाने प्रसिद्ध आहे. मुगाच्या पिष्टात अमायलोज भरपूर असल्याने त्या शेवया निवल्यावरही लवचिक राहतात. त्या आपल्याकडे मोठ्या शहरांत मिळतात, पण सर्वत्र मिळत नाहीत. उकड्या तांदळाची सेवै त्यांची जागा समाधानकारकपणे घेते.

ह्या कोशिंबिरीच्या रसात आंबट, खारट, गोड व तिखट ह्या चार चवी समोरासमोर असतात आणि तेल जवळजवळ नसते. आंबट म्हणजे लिंबू. खारट म्हणजे 'नाम प्ला', मांदेलीच्या कुळातील बारीक मासे मिठात मुरवून काढलेला अर्क. गोड म्हणजे ताडाचा वा माडाचा गूळ. तिखट म्हणजे बारीक, झणझणीत मिरची. आता तमिळनाडूच्या बाजारात उभे राहून पाहावे. ताड हा त्या राज्याचा राज्यवृक्ष आणि त्याचा गूळ, 'करुपट्टी', कोठल्याही किराणा दुकानात मिळतो. थाई स्वयंपाकातील लहान जांभळट कांद्याचा सख्खा भाऊ म्हणजे 'चिन्न वेंगायम', ज्याला महाराष्ट्रातील भाजीवाले सांबार कांदा म्हणतात. बारीक मिरचीच्या जागी आपली लवंगी. थाई स्वयंपाकातील सुगंधी लिंबाच्या पानाची आठवण देणारी वस्तूही तंजावरच्या घरात आहे. लिंबाची किंवा नारत्तंगाय ह्या लिंबूवर्गीय झाडाची कोवळी पाने, मिरची व मीठ एकत्र कुटून तेथे 'वेप्पिलैकट्टी' करतात आणि दहीभाताबरोबर खातात. हे नाव कडुनिंबाच्या पानाचे असले तरी त्यात कडुनिंब नसतो. कागदी लिंबाची दोन कोवळी पाने, मधली शीर काढून, केसासारखी बारीक चिरून कोशिंबिरीत घातली की परदेशी पाकिटाची आठवण होत नाही.

राहता राहिला माशांचा अर्क. शाकाहारी घरात सोया सॉस व किंचित चिंचेचा कोळ वापरावा. थायलंडमध्येही शाकाहाराच्या दिवसांत सोया सॉसच वापरतात. मांसाहारी वाचकांना अधिक चांगला मार्ग आहे. थाई कोशिंबिरीत सुकवलेली बारीक कोलंबी घालतात. कोकणातील सोडे तव्यावर कोरडे भाजून, भरड कुटून दोन चमचे घातले तर त्या कोशिंबिरीला आवश्यक असलेली खारी खोली येते. बाटलीतल्या अर्कापेक्षा हे अधिक रुचकर लागते, हे करून पाहणाऱ्यास पटेल.

वरच्या कृतीने झालेल्या शेवईपैकी निम्मी लिंबासाठी वा दह्यासाठी ठेवून निम्मी कोशिंबिरीस घ्यावी. रसासाठी प्रथम दोन लसूणपाकळ्या व दोन-तीन लवंगी मिरच्या खलात ठेचाव्यात. मिक्सरमध्ये त्यांची उग्र चटणी होते, ती नको. त्यात किसलेला ताडगूळ दोन मोठे चमचे, सोया सॉस एक मोठा चमचा आणि मीठ अर्धा लहान चमचा घालून गूळ विरघळेपर्यंत ढवळावे. ताडगूळ न मिळाल्यास साधा गूळ चालतो, पण मग तो थोडा कमी घ्यावा. शेवटी लिंबाचा रस तीन मोठे चमचे घालावा. हा रस नुसता चाखल्यावर फार तीव्र वाटला पाहिजे. शेवई अळणी असते आणि निवलेल्या पदार्थाची चव जिभेला मंद लागते. चमच्यावर बेताचा लागलेला रस ताटात फिका पडतो.

एक काकडी बिया काढून लांबट चिरावी, एक गाजर किसावे, सात-आठ सांबार कांदे उभे चिरावेत, वाटीभर मोड आलेले मूग उकळत्या पाण्यात अर्धे मिनिट बुडवून काढावेत. हंगामात कैरीचा कीस घातल्यास लिंबू अर्ध्यावर आणावे. कोथिंबीर व पुदिना मूठभर, हाताने तोडलेला. अर्धी वाटी शेंगदाणे खमंग भाजून भरड कुटावेत. भाज्यांना आधी मीठ लावून ठेवू नये, पाणी सुटते.

मोठ्या परातीत शेवई घेऊन त्यावर रस शिंपडावा आणि दोन्ही हातांची बोटे खालून वर आणत कालवावी. चमच्याने तंतू तुटतात. ज्याला दहीभात हाताने कालवण्याची सवय आहे, त्याला हे सांगावे लागत नाही. दोन मिनिटे थांबावे, शेवईला रस पिऊ द्यावा, मग भाज्या, पाने व शेवटी शेंगदाणे. कालवल्यापासून पंधरा मिनिटांच्या आत पाने मांडावीत. त्यानंतर शेंगदाणा मऊ पडतो आणि काकडीचे पाणी ताटाच्या तळाशी जमते.

एक सावधगिरी

थंड शेवईचा पदार्थ करणाऱ्याने एक गोष्ट दुर्लक्षू नये. तांदळात बॅसिलस सेरिअस ह्या जिवाणूचे बीजाणू असू शकतात आणि ते शिजवण्याने मरत नाहीत. शिजलेला तांदूळ उबदार हवेत तासन्‌तास राहिला की ते वाढतात व विष तयार करतात. त्यातील उलट्या करविणारे विष पुन्हा तापवल्यानेही नष्ट होत नाही. म्हणून सकाळी केलेली शेवई ओट्यावर ठेवून संध्याकाळच्या पाहुण्यांना वाढण्याचा बेत करू नये. निवलेली शेवई दोन तासांत, आणि कडक उन्हाळ्यात तासाभरात, खाल्ली जावी किंवा शीतकपाटात जावी. लिंबाच्या व दह्याच्या आंबटपणाने वाढीला काहीसा आळा बसतो, प्रवासात लिंबू सेवै नेण्याच्या रिवाजामागे हा अनुभव असावा. पण आंबटपणा म्हणजे अभय नव्हे. लहान मुले, वृद्ध व आजारी माणसे यांच्या बाबतीत तर शिळ्या शेवईचा विचारच नको. मधुमेही वाचकांनी शेवई म्हणजे अखेर तांदूळच हे लक्षात ठेवून शेवई निम्मी व भाज्या दुप्पट घ्याव्यात.

पाहुणे संध्याकाळी येणार असतील तर कामाची वाटणी अशी करावी. तांदूळ दुपारी भिजवावा. रस, भाजलेले शेंगदाणे आणि चिरलेल्या भाज्या वेगवेगळ्या भांड्यांत आधी तयार करून भाज्या व रस शीतकपाटात ठेवावेत. गोळे वाफवणे व साचा दाबणे हे काम जेवणापूर्वी तासभर काढावे. रस गार आणि शेवई निवलेली, असा मेळ जमला की ताटातला पदार्थ जिभेला थंड लागतो आणि दातांना मऊ.

कालवण्याआधीच काही शेवई बाजूला उरली, तर ती तशीच कोरडी, झाकणाच्या डब्यात लगोलग शीतकपाटात ठेवावी. दुसऱ्या दिवशी ती ताठ झालेली दिसेल. इडलीपात्रात तीन-चार मिनिटे कडक वाफ दिली की पिष्टाची बांधणी पुन्हा सैल होते व शेवई मूळ पदावर येते. तिची पुन्हा कोशिंबीर करू नये; मोहरी, कढीलिंब व ओल्या खोबऱ्याची फोडणी देऊन ती गरम असतानाच न्याहारीला संपवावी.